केबलपर्यंत मामा, गिअरबॉक्सपासून भाची

पॉवर सीट बिघडली म्हणून गाडी कधी रस्त्यात बंद पडत नाही, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. ब्रेक लागेनासे झाले तर माणूस त्याच दिवशी गॅरेज गाठतो. सीट पुढं सरकेनाशी झाली तर तो पाठीमागे उशी ठेवतो आणि दिवाळीनंतर बघू म्हणतो. मग कधीतरी कंपनीच्या वर्कशॉपमधून अंदाजपत्रक येतं. त्यात 'सीट फ्रेम असेंब्ली' अशी एकच ओळ असते आणि तिच्यापुढचा पाच आकडी खर्च वाचून घरातलं कोणीतरी रविवारी सकाळी पान्हा घेऊन सीटखाली डोकं घालतं. हे डोकं घालणं शहाणपणाचं की आगाऊपणाचं, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे. उत्तर मात्र 'हो' किंवा 'नाही' अशा एका शब्दात मिळणारं नाही, कारण सीटखाली जे दिसतं ते एक यंत्र नाही. एक यंत्र सीट हलवतं आणि दुसरं ती धरून ठेवतं. घरच्या घरी दुरुस्ती करणारे पहिल्याकडे बघतात, त्यांना अडवणारे दुसऱ्याकडे, आणि दोघांनाही वाटतं की समोरच्याला कळतच नाही.

उत्तर नागपुरातल्या जरीपटक्यासारख्या वस्तीत हा प्रश्न आता बऱ्याच दारांशी येणार. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी उभी केलेली ही वस्ती व्यापाराची. घरं एकमेकांना लागून, आणि गाड्या बहुतेक दारासमोर, उघड्यावर. बटणानं सरकणारी सीट पूर्वी मोठ्या परदेशी गाड्यांपुरती होती. २०१५ च्या सुधारित एक्सयूव्ही ५००मध्ये ती आली, २०१९ मध्ये सेल्टॉसमध्ये, २०२० मध्ये नव्या क्रेटात आणि हॅरिअरमध्ये, २०२१ मध्ये एक्सयूव्ही ७००मध्ये, आणि मग ती मध्यमवर्गाची झाली. त्यातल्या पहिल्या खेपेच्या गाड्यांची वॉरंटी संपली आहे, कित्येक दुसऱ्या मालकाकडे गेल्या आहेत. त्यात नागपूरचा मे महिना. पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा बंद गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त तापतं. रुळांतलं ग्रीस सुकतं, त्यावर धूळ बसून त्याचा चिकट काळा थर होतो, प्लास्टिकच्या नळ्या आक्रसतात, कनेक्टरच्या कड्या ठिसूळ होतात. थंड देशात पंधरा वर्षांनी येणारा बिघाड इथं आधी आला तर नवल नाही.

वादाच्या दोन्ही बाजूंत मला तथ्य दिसतं. म्हणून दोन माणसं कल्पून त्या त्यांच्या तोंडी घालतो. मामा आयुधनिर्माणीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले, जरीपटक्यात राहणारे, एक सेकंडहँड गाडी बाळगणारे. भाची विमा कंपनीत मोटारींचे दावे तपासणारी. मामांचा पवित्रा असा : "बेटा, तू काऊन एवढी घाबरून राह्यली? बारा व्होल्टचा मामला आहे. शॉक बसत नाही, काही नाही. वर्कशॉपवाला सीट उघडून पाहतबी नाही, सरळ अख्खी फ्रेम लिहून देते." भाचीचं उत्तर तयार असतं : "मामा, शॉकचं कोण बोलतंय? ज्या सीटवर बसून तुम्ही हायवेला शंभरानं जाता, ती सीट आहे ती. दिवाणखान्यातली खुर्ची नाही."

मामांची बाजू आधी पुरती ऐकायला हवी, कारण ती नुसत्या काटकसरीची नाही. त्यांचं खरं म्हणणं असं की पॉवर सीटचे बहुतेक बिघाड स्वस्त असतात आणि ते ओळखायला महागडं यंत्र लागत नाही, कान लागतात. बटण दाबल्यावर मोटार घरघरते पण सीट हलत नाही, तर वीज पोचते आहे आणि बिघाड यांत्रिक आहे. काहीच आवाज नाही आणि सीट कुठल्याच दिशेला हलत नाही, तर फ्यूज, सीटखालचा कनेक्टर किंवा अर्थिंगची तार. फक्त पुढं जाते, मागं येत नाही, तर मोटार ठणठणीत आहे आणि बटणातला एक संपर्कबिंदू गेला आहे. कारण बहुतेक गाड्यांत मोटारीच्या दोन्ही तारा एरवी अर्थला असतात आणि बटण त्यांतल्या एकीला बारा व्होल्ट देतं. दिशा बदलली की दुसरीला देतं. उंची बदलते पण सरकत नाही, तर सरकवणारी मोटार किंवा तिच्या तारा. आणि आवाज येत नसेल तेव्हा करायची एक जुनी परीक्षा आहे : छतातला दिवा लावायचा आणि बटण दाबायचं. दिवा किंचित मंदावला तर मोटार वीज खेचते आहे पण कुठंतरी अडकली आहे. दिवा ढिम्म राहिला तर वीज मोटारीपर्यंत जातच नाही. फुकटच्या या परीक्षेनं अर्धा प्रश्न सुटतो. उरलेल्यासाठी काही शे रुपयांचा मल्टीमीटर पुरतो.

आणि अडकलेलं निघतं ते काय? रुळात गेलेलं नाणं, पेनाचं टोपण, बाटलीचं झाकण, मुलाच्या खेळण्यातलं चाक. मागच्या सीटवर बसणाऱ्याचे पाय वर्षानुवर्षं सीटखालच्या कनेक्टरला लागत असतात, तो अर्धवट निसटतो. चहा किंवा कोल्ड्रिंक बटणावर सांडतं, साखर आत शिरते आणि तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा गंज धरतो. टॉर्च, चिमटा, रंगाचा जुना ब्रश आणि संपर्क साफ करण्याचा स्प्रे एवढ्यावर ही कामं होतात. इथं मामांना एक गोष्ट बजावायला हवी, आणि ती भाचीनं नव्हे तर एखाद्या चांगल्या मिस्त्रीनं बजावली तर त्यांना पटेल. रूळ पेट्रोलनं धुऊ नये आणि डब्ल्यूडी-फोर्टी मारून काम झालं समजू नये. पेट्रोलची वाफ बंद गाडीत साठते आणि शेजारीच ठिणगी पाडणारी मोटार असते. डब्ल्यूडी-फोर्टी जुना मळ सोडवतो, पण वंगण म्हणून फार टिकत नाही. फडक्यानं जुनं ग्रीस पूर्ण पुसायचं आणि लिथियम ग्रीसचा पातळ हात द्यायचा. जाड थर दिला की कामठी रोडची धूळ तिथंच बसते.

मामांच्या पोतडीतली सर्वांत सुंदर दुरुस्ती मात्र केबलची. बऱ्याच गाड्यांत सीट सरकवणारी मोटार मध्ये असते आणि दोन बाजूंच्या रुळांवर दोन छोटे गिअरबॉक्स असतात. मोटारीतून निघालेले दोन लवचीक दांडे प्लास्टिकच्या नळीतून त्या गिअरबॉक्सपर्यंत जातात. दांड्याचं टोक चौकोनी असतं आणि ते चौकोनी खाचेत बसतं. वर्षानुवर्षांच्या उन्हानं आणि वापरानं आतला दांडा आणि बाहेरची नळी यांच्या लांबीत काही मिलिमीटरचा फरक पडतो, टोक खाचेतून बाहेर येतं आणि नुसतं फिरत राहतं. मोटार घरघरते, सीट जागची हलत नाही. कधी एकाच बाजूचं टोक निसटतं. मग एक रूळ पुढं जातो, दुसरा तिथंच राहतो आणि सीट तिरकी होते. जुन्या बीएमडब्ल्यू बाळगणाऱ्यांनी यावर शोधलेला उपाय जगभर पसरला : दांड्याला हात लावायचा नाही, बाहेरची नळी टोकाशी काही मिलिमीटर कापायची, म्हणजे दांडा पुन्हा खाचेत खोल बसतो. नवा सुटा भाग शून्य. फक्त दोन्ही रूळ आधी एका रेषेत आणावे लागतात, नाहीतर केबल बसते आणि सीट जन्मभर वाकडी राहते. वर्कशॉपच्या अंदाजपत्रकात हीच गोष्ट अख्ख्या फ्रेमच्या रूपानं येते. मामांचा राग इथून येतो आणि तो रास्त आहे.

आता भाची. तिचा पहिला मुद्दा सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरचा. आजच्या गाड्यांत सीटच्या कडेला साइड एअरबॅग असते, बेल्टच्या बकलला ताण देणारी स्फोटक कुपी असू शकते, शेजारच्या सीटमध्ये माणूस बसला आहे का हे ओळखणारा सेन्सर असतो. त्या वायरींचे कनेक्टर पिवळे असतात, ते उगाच नव्हे. तिथं मल्टीमीटर लावून रोध मोजायचा नाही, कारण मीटरची स्वतःची बॅटरी त्या तारेतून प्रवाह सोडते. इग्निशन चालू असताना तो कनेक्टर काढला तर एअरबॅगचा दिवा लागतो, आणि दोष मेमरीत नोंदला गेला की स्कॅनर लावल्याशिवाय सहसा जात नाही. सीट उचलायचीच असेल तर बॅटरीची ऋण तार आधी काढायची आणि हँडबुकात सांगितलेली मिनिटं थांबायचं. तिचा दुसरा मुद्दा याहून वजनदार, अगदी शब्दशः. गाड्यांच्या सीटसाठी संयुक्त राष्ट्रांची जी १७ क्रमांकाची नियमावली आहे, तिच्यात सीट आणि तिची पकड तपासताना गाडीच्या सांगाड्याला गुरुत्वाकर्षणाच्या वीस पट धक्का ३० मिलिसेकंद द्यावा लागतो. पॉवर सीट २५ किलोची धरली तर त्या क्षणी ती ५०० किलोच्या भारानं स्वतःला उपटू बघते. बेल्टचं बकल सीटच्या सांगाड्यालाच बसवलेलं असेल, आणि हल्ली ते पुष्कळदा तिथंच असतं, तर माणसाच्या भाराचा वाटाही त्याच रुळांवर येतो. हे सगळं चार बोल्ट आणि दोन रूळ पेलतात.

मामा यावर जे म्हणतात ते मला बिनतोड वाटतं : "अन् मग त्या मॅटवाल्याकडे गाडी नेली तेव्हा कुठं गेली होती तुझी नियमावली?" गाडीच्या फरशीला लॅमिनेशन करायचं, सेवन-डी मॅट बसवायची, सीटला नवं कव्हर चढवायचं म्हटलं की दुकानातली पोरं सीट काढून फुटपाथवर ठेवतात. बॅटरीची तार कोणी काढत नाही. बोल्ट हातात जेवढा जोर असेल तेवढ्यानं आवळले जातात. एअरबॅगचा दिवा लागला तर 'दोन दिवसांत जातो साहेब' म्हणून सांगितलं जातं. वर जाड कव्हर असं शिवलेलं असतं की साइड एअरबॅगला उघडायला शिवणच राहत नाही. सुशिक्षित, सावध माणूस हे सगळं पैसे देऊन करून घेतो आणि मामांनी टोपण काढायला सीटखाली हात घातला की त्याला धोका दिसतो. ही विसंगती खरी आहे. पण तिच्यातून मामांना जो निष्कर्ष काढायचा आहे तो निघत नाही. मॅटवाला चूक करतो म्हणून मामांची तीच चूक बरोबर ठरत नाही. निघतं ते एवढंच की धोका दुरुस्ती कोणी केली यात नसतो, काय उघडलं यात असतो. पाटी लावलेलं दुकान आणि रविवारचा हौशी माणूस यांना एकच कसोटी लागायला हवी.

ती कसोटी मी सुरुवातीला सांगितली तशी लावावी, असं वाटतं : सीट हलवणारं जे असेल ते घरी, धरून ठेवणारं जे असेल ते वर्कशॉपकडे. फ्यूज, बटण, वायरी, कनेक्टर, मोटार हलवणाऱ्या बाजूला. बोल्ट, रूळ, बकल, एअरबॅग धरणाऱ्या बाजूला. रेषा स्वच्छ दिसते. पण इथं भाचीनं तिच्या सबंध वादातला सर्वांत टोकदार आक्षेप घ्यावा, आणि तो घेतल्याशिवाय हा विचार पुढं जात नाही. हातानं सरकवायच्या सीटला, ती म्हणेल, दांडीखाली एक दातेरी खिट्टी असते. सीट सरकवणं आणि धरणं तिथं खरंच वेगळं. "पण पॉवर सीटला खिट्टी असते का, मामा? तिला धरून कोण ठेवतं?" असते कुठली! पॉवर सीटला धरून ठेवतो तो स्क्रू आणि त्याला फिरवणारा वर्म गिअर. मोटारीकडून फिरवलं तर सीट सरकते, सीटकडून ढकललं तर वर्म फिरत नाही. जागच्या जागी अडतो. या एकतर्फीपणावर सगळी भिस्त आहे. म्हणजे जो भाग सीट हलवतो तोच अपघातात तिला धरतो, आणि माझी रेषा नेमकी त्या गिअरबॉक्सच्या पोटातून जाते.

म्हणून रेषा सरकवावी लागते, आणि सरकवल्यावर ती जास्त उपयोगी होते. वीज ज्या क्रमानं कामाला लागते त्याच क्रमानं बघू : बॅटरी, फ्यूज, बटण, कनेक्टर, मोटार, केबल, मग गिअरबॉक्स, स्क्रू, रूळ, बोल्ट. केबलपर्यंत काहीही तुटलं, निसटलं, जळलं, तरी वर्म अडलेलाच असतो आणि सीट होती तिथं घट्ट राहते. फसलेल्या घरगुती दुरुस्तीचा परिणाम एवढाच की सीट हलत नाही. तशी ती आधीही हलत नव्हती. गिअरबॉक्सपासून पुढं मात्र फसलेली दुरुस्ती सीट सोडून देते, आणि ती कधी सोडेल हे ब्रेक जोरात दाबल्यावरच कळतं. नळी कापून केबल बसवणं आणि तडकलेल्या नायलॉन गिअरला फेविक्विक आणि खाण्याचा सोडा लावून दात घडवणं, दोन्ही एकाच व्हिडिओत शेजारी शेजारी दाखवलेले असतात, दोन्ही पन्नास रुपयांत होतात, दोन्हींनंतर सीट सुरळीत सरकते. फरक बटण दाबून दिसत नाही. घडवलेला दात सरकवण्याचा भार सहज घेतो, वीसपट धक्क्याचा भार त्यानं घेतला पाहिजे असं सांगणारं कोणी तिथं नसतं. एम-सील भरलेला नट, वेल्डिंग मारलेला रूळ, जाडीला जुळेल तो बाजारातला बोल्ट, ही सगळी त्याच घरातली. उंची बदलणाऱ्या आणि पाठ झुकवणाऱ्या मोटारींचं प्रकरण आणखी नाजूक, कारण तिथं वर्म बहुधा मोटारीच्याच डब्यात असतो. त्या मोटारी आतून उघडण्यात मामांनी हात घालू नये. २०१४ मध्ये जनरल मोटर्सनं अमेरिकेत चार लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या, कारण पॉवर सीटची उंची बदलणाऱ्या यंत्रणेतला एक बोल्ट सैल होऊन गळू शकत होता. कारखान्यात बसवलेला बोल्ट जर असं करू शकतो, तर अंदाजानं आवळलेल्याचं काय सांगावं.

केबलपर्यंतच्या मुलखात सगळं बिनधोक आहे असं मात्र समजू नये. तिथं धोका पकडीचा नसून आगीचा आहे. जाम झालेली मोटार फिरत नाही, पण प्रवाह ओढतच राहते. वीस अँपिअर धरले तरी मुठीएवढ्या मोटारीत २४० वॅट उष्णता, म्हणजे घरातल्या २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नच्या जवळपास दहापट, आणि तीही फोम आणि कापडाखाली. फ्यूज यासाठीच असतो. 'वारंवार उडतो' म्हणून त्याच्या जागी मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणं ही दुरुस्ती नव्हेच. २०२४ च्या जूनमध्ये कियानं अमेरिकेतल्या सुमारे ४ लाख ६३ हजार टेल्युराइड गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या. सीट सरकवण्याचं बटण अडकून राहिलं तर मोटार चालतच राहते, तापते आणि पेट घेऊ शकते. दुरुस्ती होईपर्यंत गाडी घरापासून दूर, उघड्यावर लावा, असं मालकांना सांगितलं गेलं. भाची हे प्रकरण मामांविरुद्ध वापरेल आणि तिचा हक्कच आहे. पण मामांनी त्याच प्रकरणाचं पुढचं पान वाचावं. कंपनीनं शेवटी काय बसवलं? बटणाच्या मागच्या आवरणाला एक ब्रॅकेट आणि नवीन बटणं. ना नवी फ्रेम, ना नवी मोटार. जीवघेण्या दोषावरची अधिकृत दुरुस्ती इतकी साधी असू शकते, तर साध्या बिघाडावर अख्खी असेंब्ली लिहून देणाऱ्या अंदाजपत्रकाकडे संशयानं बघायला काय हरकत आहे?

भाचीकडे आणखी एक हत्यार उरतं, वॉरंटीचं. बाहेर हात लागला की वॉरंटी गेली, हे वाक्य आपल्याकडे कायद्यासारखं उच्चारलं जातं. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला. आरोप होता की सुटे भाग, निदानाची साधनं आणि तांत्रिक माहिती या कंपन्या बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असंही आयोगानं त्यात म्हटलं. पुढं अपिलं झाली, दंडाच्या रकमेवर वाद चालले. पण सरसकट रद्द आणि तेवढ्यापुरतं नाकारणं हा फरक गाडीमालकाच्या लक्षात राहायला हवा. डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यातही मोटारी आहेत. तरी भाचीच्या टेबलावरचं वास्तव वेगळं असतं, हे मान्य. मूळ वायरिंग कापून टेप गुंडाळलेला जोड दिला असेल आणि त्या बाजूनं आग लागली असेल, तर सर्वेक्षक तो जोड पाहणार, प्रश्न विचारणार, आणि मालकाकडे उत्तर नसणार. म्हणून घरच्या दुरुस्तीत तार कापायची वेळ आली की थांबावं. साफ करणं, घट्ट बसवणं, सारखाच भाग बदलून लावणं यात लपवण्यासारखं काही नसतं.

मामांची एक युक्ती मला अजिबात पटत नाही, आणि ती त्यांना सर्वांत हुशारीची वाटते : कबाडातून अख्खी सीट आणायची. चार बोल्ट काढा, चार लावा, काम फत्ते. पण आपल्याकडे भंगारात धड गाडी क्वचित येते. येते ती बहुधा अपघाताची किंवा पुराच्या पाण्यात बुडालेली. अपघाताच्या गाडीचे रूळ तो वीसपट धक्का एकदा खाऊन आलेले असतात, वाकलेले डोळ्यांना दिसत नाहीत. बुडालेल्या गाडीच्या मोटारीत आणि कनेक्टरांत गंज धरलेला असतो. शिवाय मेमरी असलेली सीट दुसऱ्या गाडीत लावली की मोड्यूलची भाषा जुळेलच असं नाही. कबाडातून बटण आणा, मोटारीची केबल आणा, खुशाल आणा. रूळ आणू नका.

आणि काहीच न करण्याचा पर्याय? तो वाटतो तितका वाईट नाही. गाडी एकच माणूस चालवत असेल आणि सीट त्याच्या मापाला थांबली असेल, तर त्या सीटचा फ्यूज काढून ठेवला तरी वर्म तिला धरून बसतो. फक्त त्या फ्यूजवर दुसरं काही चालत नाही ना, हे हँडबुकात पाहून घ्यावं. पण जरीपटक्यातल्या घरांत सकाळी दुकान उघडायला एक जण गाडी नेतो आणि दुपारी मुलांना आणायला दुसरी. उंचीत अर्ध्या फुटाचा फरक असला तर न हलणारी सीट चैनीची वस्तू राहत नाही. स्टिअरिंगमधल्या एअरबॅगपासून छाती निदान २५ सेंटिमीटर दूर असावी, असं अमेरिकेची वाहतूक सुरक्षा संस्था सांगते. तेवढं अंतर राखून क्लचपर्यंत पाय पुरला पाहिजे. उशी लावून पाठ पुढं आणणारा माणूस बेल्टच्या मापाचं गणितही बिघडवतो. सीट हलली पाहिजे, या बाबतीत मामा आणि भाची यांच्यात मतभेद नाहीच.

मतभेद उरतो तो शेवटच्या दहा मिनिटांचा. केबलपर्यंतच्या कामासाठीही कधी कधी सीट उचलावीच लागते, म्हणजे धरून ठेवणाऱ्या बाजूचे चार बोल्ट सोडवावे लागतात. मामांचं म्हणणं, आयुष्यभर बोल्ट आवळले, हाताला अंदाज आहे. भाचीचं म्हणणं, अंदाज हाताचा असतो, बोल्टच्या बाजूला आकडा असतो, आणि तो सर्व्हिस मॅन्युअलमध्ये न्यूटन-मीटरमध्ये छापलेला असतो. काही कंपन्या ते बोल्ट एकदाच वापरायला सांगतात. जुने पुन्हा लावायचे नाहीत, नवीन आणायचे. मामांनी घरी काम पुरं करावं, बोल्ट बसवून गाडी हळू चालवत कामठी रोडवरच्या ज्या गॅरेजकडे टॉर्क रेंच आहे तिथं न्यावी, चारही बोल्ट आकड्यावर आवळून घ्यावेत, एअरबॅगचा दिवा लागून विझतो हे पाहावं आणि बिलावर 'सीट बोल्ट टॉर्क केले' एवढं लिहून घ्यावं, अशी भाचीची अट आहे. मामांना हे मजुरीचे पैसे फुकट गेल्यासारखे वाटतात. मी या एका बाबतीत भाचीच्या बाजूनं आहे, आणि त्या बिलाची प्रत गाडीच्या कागदांसोबत ठेवावी असंही सुचवेन.